सत्तर हजार शेजारी

"सत्तर हजार नोंदी! आठ दिवस! आणि एकही चूक नको!"

भूपालसाहेबांनी टेबलावर अशी मूठ आपटली, की तिन्ही मॅनेजरांच्या कपातला चहा बशीत आला.

साहेबांचं आडनाव आडमुठे, आणि स्वभाव आडनावाला शोभेल असाच. दुकानांची माहिती इंटरनेटवर पुरवणाऱ्या तीन कंपन्या त्यांनी वर्षभरात विकत घेतल्या, तिघींच्या याद्या एकत्र ओतल्या आणि झाला सगळा काला! सांगलीच्या बाजारातला एकच गृहस्थ पहिल्या यादीत शिंपी होता, दुसरीत दातांचा डॉक्टर आणि तिसरीत कैलासवासी! पुढच्या शनिवारी पुण्याहून एक मोठी पार्सल कंपनी यादी पारखायला येणार होती. यादी पसंत पडली तर ठीक, नाहीतर तिन्ही कंपन्यांना कुलूप.

"नवा माणूस नेमायचा नाही!" साहेब गरजले. "खुर्ची सोडून बाजारात हिंडायचं नाही! ज्याला जमेल त्याच्या हाती तिन्ही कंपन्यांचा कारभार देईन."

मॅनेजरांनी लगेच साऱ्या दुकानदारांना मोबाइलवर निरोप धाडला, 'कृपया आपली माहिती तपासून कळवावी.' दोन दिवसांत अकरा उत्तरं आली. त्यांतल्या नऊ शिव्या होत्या. उरलेली दोन चुकून आली होती.

सगळ्यात शेवटच्या टेबलावर नोंदी टाइप करायला शालन कासार बसायची. कुलूप लागलं तर पहिला नारळ आपल्यालाच मिळणार, हे ती ओळखून होती. तिच्या वडिलांचं बांगड्यांचं दुकान; लहानपण सगळं तिथल्या गादीवर गेलेलं. हात पुढे करून बसलेल्या बायका स्वतःच्या घराबद्दल चकार शब्द बोलायच्या नाहीत, पण शेजारणीच्या घरात पापड किती लाटले तेसुद्धा सांगायच्या! ते आठवलं आणि शालन तडक साहेबांसमोर जाऊन उभी राहिली.

"साहेब, मी करते हे काम."

"तू? तीन मॅनेजर थकले की गं!"

"त्यांनी लोकांना स्वतःबद्दल विचारलं. त्याला सवड कुणाला आहे? मी शेजाऱ्याबद्दल विचारते."

सोमवारी दुपारी तिचा निरोप गेला. 'आपल्या शेजारच्या दुकानाची माहिती आमच्याकडे अशी आहे. काही चूक दिसते का?'

चहा येईपर्यंत उत्तरांचा पाऊस सुरू! 'सकाळी आठला उघडतो म्हणे! साडेदहाशिवाय शटर हलत नाही!' 'घाऊक व्यापारी? पावशेर साखर देताना हात थरथरतो त्याचा!' 'डॉक्टर कसला, शिंपी आहे तो. माझी विजार दिवाळीपासून त्याच्याकडेच पडली आहे!'

उत्तरं वाचता वाचता ऑफिसात हशा पिकला. एक मॅनेजर मात्र नाक मुरडून म्हणाला, "शेजाऱ्याचं काय खरं धरायचं? निम्मं जळफळाटानं लिहिलेलं!"

"म्हणून तर बुधवारी दुसरा निरोप जाणार," शालन म्हणाली. "'आपल्या दुकानाविषयी अशी अशी माहिती मिळाली आहे. खरी असल्यास उत्तर नको.' कोणी सांगितली ते मात्र गुपित!"

बुधवारी निरोप गेला आणि काय सांगावं! कुणी पाटीचा फोटो पाठवला, कुणी परवान्याचा. शिंप्यानं तर शिवणयंत्रावर बसून, हातात त्या दिवसाचं वर्तमानपत्र धरून फोटो काढला, आपण हयात आहोत म्हणून!

एवढ्यात खुद्द साहेब हातातला मोबाइल नाचवत बाहेर आले. यादीत त्यांचं ऑफिसही होतं, तेव्हा निरोप त्यांनाही गेला होता.

"कोण म्हणतो मी ऑफिसात एक ते चार झोपतो? साफ खोटं! फक्त एक ते तीन! आत्ताच कळवलंय मी!"

"पोचलं, साहेब. दुरुस्तही केलं," शालन नम्रपणे म्हणाली. "तुमचं उत्तर दीड मिनिटात आलं."

साहेब आल्या पावली आत गेले.

शुक्रवारी संध्याकाळी शेवटची नोंद जुळली. शनिवारी पार्सल कंपनीच्या बाईंनी डोळे मिटून यादीवर बोट ठेवावं, तो नंबर फिरवावा आणि पलीकडून बरोबर तोच माणूस बोलावा, असं चाळीस वेळा झालं. एकेचाळिसाव्या वेळी त्यांनी फोन खाली ठेवला आणि करारावर सही केली.

बाईंची गाडी फाटकाबाहेर पडते न पडते तोच साहेबांनी शालनला बोलावलं. शब्द दिला होता, पण हट्टी माणूस तो, इतक्या सहज कारभार कसला देतोय!

"काम झालं, पण अट मोडलीस! नवा माणूस नेमायचा नाही म्हटलं होतं. तू तर सत्तर हजार माणसं कामाला लावलीस!"

तिन्ही मॅनेजरांचे चेहरे उजळले. शालननं शांतपणे हात जोडले.

"नेमली कुठं, साहेब? नेमली असती तर त्यातल्या एकानं तरी इतकं मन लावून काम केलं असतं का?"

साहेबांनी मॅनेजरांकडे पाहिलं. मॅनेजरांनी जमिनीकडे पाहिलं. मग साहेबांच्या मिशा थरथरल्या, पोट हललं, आणि ते असे खदाखदा हसले की डोळ्यांतून पाणी आलं!

"हरलो गं पोरी, हरलो!"

सोमवारी तिन्ही कंपन्यांच्या किल्ल्या शालनच्या टेबलावर आल्या. तिघे मॅनेजर समोर ओळीनं बसले आणि सत्तर हजार दुकानदारांना आभाराचे निरोप लिहू लागले.