भुंभाडचा निळा पंख

एक होतं फडताळ. फडताळात होतं जाडजूड पुस्तक. पुस्तकामागे राहायची एक छोटुकली उंदरी. तिचं नाव खुडबुडी.

पुस्तकात होता एक ड्रॅगन. त्याचं नाव भुंभाड. खुडबुडीला तो फार फार आवडायचा.

आज तिच्या धाकट्या भावाचा, गोटूचा वाढदिवस. म्हणून खुडबुडीने केक केला, अगदी भुंभाडसारखा! रव्याचं पोट. काजूचे दात. बिस्किटाचे दोन पंख, वर निळी साखर. पंख ठेवले खिडकीत वाळायला.

फडफड फडफड! कावळा आला. एक पंख उचलला. भिंतीवर जाऊन बसला.

खुडबुडी केवढी दचकली! आता गोटूला काय दाखवायचं?

तुरुतुरु तुरुतुरु, गेली भिंतीपाशी.

"काऊदादा, काऊदादा, पंख दे. एका पंखाचा ड्रॅगन उडेल कसा?"

"उडत नसेल तर पाल म्हण त्याला! बघ, मला किती शोभतो! मी नाही देणार, जा!"

तुरुतुरु तुरुतुरु, गेली मांजराकडे. चार हात लांबच थांबली.

"माऊताई, माऊताई, कावळ्याला पळव. कावळा पंख देईना. एका पंखाचा ड्रॅगन उडेल कसा?"

"अगं बाई! आत्ताच मिशा नीट केल्यात मी. आणि ड्रॅगन कसला करतेस? माझा केक करायचास! मी नाही पळवणार, जा!"

तुरुतुरु तुरुतुरु, गेली कुत्र्याकडे.

"भूभूदादा, भूभूदादा, मांजरावर भुंक. मांजर कावळ्याला पळवीना. कावळा पंख देईना. एका पंखाचा ड्रॅगन उडेल कसा?"

"हॅ! मी फक्त मोठ्ठ्या चोरांवर भुंकतो."

"मोठ्ठा चोर कधी आला होता?"

"अजून आला नाही. वाट बघतोय. मी नाही भुंकणार, जा!"

तुरुतुरु तुरुतुरु, गेली बैलाकडे. बैल आपला रवंथ करतोय. चघळ चघळ, चघळ चघळ.

"बैलोबा, बैलोबा, कुत्र्याला शिंग दाखव. कुत्रा मांजरावर भुंकेना. मांजर कावळ्याला पळवीना. कावळा पंख देईना. एका पंखाचा ड्रॅगन उडेल कसा?"

"आधी रवंथ होऊ दे."

"कधी होईल?"

"काल सुरू केलाय. मी नाही दाखवणार, जा!"

खुडबुडी मटकन खाली बसली. रडू लागली. टिप टिप, टिप टिप. एक थेंब पडला मुंगीच्या डोक्यावर.

"अगं ए, भिजवतेस काय मला!"

"मुंगीबाई, मुंगीबाई, बैलाला चाव. बैल कुत्र्याला शिंग दाखवीना. कुत्रा मांजरावर भुंकेना. मांजर कावळ्याला पळवीना. कावळा पंख देईना. एका पंखाचा ड्रॅगन उडेल कसा?"

"थांब थांब. भुंभाडचा पंख? निळा?"

"तुला कसं माहीत?"

"अख्खं पुस्तक वाचलंय मी. ओळीन् ओळ. पायी पायी! भुंभाड उडालाच पाहिजे. चल!"

मुंगी चढली बैलाच्या नाकावर. कडकन चावली!

बैलाने कुत्र्याला शिंग दाखवलं, हम्मा!
कुत्रा मांजरावर भुंकला, भो भो!
मांजराने कावळ्याला पळवलं, फिस्स!
कावळ्याने पंख टाकला, काव काव!

खुडबुडीने पंख झेलला. पाकात बुडवला. केकला चिकटवला. झाला भुंभाड पुरा!

तेवढ्यात सगळे खिडकीशी हजर.

"माझ्या शिंगामुळे!" बैल म्हणाला.
"माझ्या भुंकण्यामुळे!" कुत्रा म्हणाला.
"मिशा विस्कटल्या माझ्या!" मांजर म्हणालं.
"मी पंख नीट सांभाळला!" कावळा म्हणाला.
"आम्हाला केक! आम्हाला केक!"

चौघांनी आत डोकावलं.

आत उभा भुंभाड! काजूचे दात. निळे पंख. वाऱ्याची झुळूक आली. पंख हलले... हळूच...

"बाप रे! खरा आहे!"

कावळा उडाला फडफड. मांजर पळालं म्याँव. कुत्रा पळाला कुंई कुंई. बैल तर रवंथ विसरून पळाला, धडाम धुडूम!

गोटू टाळ्या वाजवत नाचला. मग त्याने भुंभाडचं नाक खाल्लं. कुर्रम कुर्रम.

पोट वाढदिवसाला आलेल्या पाहुण्यांना, दात खुडबुडीला, निळा पंख मुंगीला. आणि ही गोष्ट? ती तुम्हाला, अख्खीच्या अख्खी!