खोडलेली शाळा

स्कॉटलंडहून भौतिकशास्त्रात डॉक्टरेट घेऊन परतलेली मेघना उबाळे आपल्याच तालुक्यातल्या कॉलेजात मुलाखतीला गेली. इथल्या पोरांना शिकवायचं, एवढ्यासाठीच ती परत आली होती.

संस्थाध्यक्ष दादासाहेब बायोडेटा बघून हसले. “डॉक्टरबाई, सुरुवातच ‘जिल्हा परिषद शाळा, हिंगणवाडी’? हे आम्ही माहितीपत्रकात छापायचं? लोक काय म्हणतील?”

“तिथंच शिकले मी.”

“त्या पत्र्याच्या शाळेत कोण काय शिकतं हो! ती ओळ खोडा. खाडाखोड केली की शेजारी सही लागते, तेवढी करा. नाहीतर बाहेर दुसरे उमेदवार बसलेच आहेत.”

मेघनाने त्या ओळीवर सरळ रेघ मारली. मग पेन खाली ठेवून अंगठा पुढे केला.

“शाईचा पॅड मागवा.”

“कशाला?”

“सही करायला त्याच शाळेने शिकवलं, दादासाहेब. शाळा खोडली, आता अंगठाच घ्या. आणि नेमणूकपत्र कुणाकडून तरी वाचून घ्यावं लागेल मला.”

शेजारी बसलेल्या प्राचार्यांना हसू आवरेना. दादासाहेबांनी कोरा कागद पुढे सरकवला.

“लिहा बाई, काय लिहायचं ते.”

मेघनाने पुन्हा हिंगणवाडीपासूनच सुरुवात केली. या वेळी जरा मोठ्या अक्षरांत.