रंगाने पळवलेली पाटी

जनावरांच्या दवाखान्यात नुकताच संगणक आला होता, तेव्हाची गोष्ट. त्याच्या पोटात शेळ्यांचा एक तक्ता राहत असे. तक्त्यातल्या प्रत्येक रकान्याच्या डोक्यावर नावाची पाटी होती. डॉक्टरीणबाई नाव घेत आणि संगणक पाटी वाचून तेवढाच रकाना बाहेर नेई.

औषध किती द्यायचं हे ठरवायला रोज वजनालाच हाक येई. रंग आतल्या आत जळे.

“याला किलोंशिवाय काही येत नाही,” तो शेजारच्या वयाला म्हणाला. “माझ्याकडे तांबूस आहे, कबरा आहे, कपाळावरचा ठिपकासुद्धा आहे. तरी मिरवतो हाच.”

“काम पडलं की तुलाही बोलावतील,” वय म्हणालं.

“तोवर काय इथे कुजत पडू?” वजनाला डुलकी लागताच रंगाने दोघांच्या पाट्या बदलल्या आणि ऐटीत उभा राहिला.

तेवढ्यात दवाखान्याच्या दारात भांडण आलं. गजराबाईंची हरवलेली शेळी बाजारातल्या एका दलालाकडे सापडली होती आणि तो ती आपलीच म्हणत होता.

“थांबा, गजराबाई,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. “तुमच्या शेळीची नोंद आहे इथे. तिचा रंग बघते.”

संगणकाने पाटी वाचली आणि वजनाला बाहेर नेलं.

“बावीस,” वजन प्रामाणिकपणे म्हणालं.

“बावीस हा काय रंग झाला?” दलाल हसला आणि शेळीला ओढत चालू लागला.

तिच्या कपाळावरच्या पांढऱ्या ठिपक्याची नोंद एकट्या रंगाकडे होती. तो आतून ओ देत राहिला. जन्मात पहिल्यांदाच कुणीतरी त्याला नावाने हाक मारली होती.