मोकळी परडी

एकदा घाटाखालच्या एका गावात सात शहाण्या माणसांना किड्यांचे वेड लागले. आगगाडी नुकतीच घाट चढू लागली होती, त्या काळची ही गोष्ट. सातांत एक वृद्ध वैद्य होते, जाळ्या शिवून देणारा एक शिंपी होता आणि शाळेतला तरुण पंतोजी भार्गव होता. दर रविवारी ही मंडळी जाळ्या खांद्यावर टाकून रानात निघाली, की गावातल्या बायका तोंडाला पदर लावून हसत. "घरची झुरळं दिसत नाहीत, अन् निघाले रानातले भुंगे मोजायला!" मंडळींनी मात्र आपल्या उद्योगाला 'कीटक-निरीक्षण मंडळ' असे भारदस्त नाव दिले होते.

मंडळाचा एक नियम होता. आठवडाभरात जे पाहिले, त्याचे टिपण प्रत्येकाने वाचायचे. वाचून झाले की अध्यक्ष वैद्यबुवा एवढेच विचारीत, "गाळले काय?" मग टिपणातून वगळलेले मुकाट्याने सांगावे लागे. पंख आपल्याच बोटाने फाटला, गांधीलमाशी पाहून आपणच पळालो, असे काहीबाही बाहेर येई. बुवांच्या मते ज्ञान बहुधा तिथेच दडलेले असे.

भार्गवचे टिपण सर्वांत सुबक असे. गाळले काय, असे विचारले की तो म्हणे, "काही नाही."

त्याने जे गाळले होते, ते मंडळाच्या कामाचे नव्हते. त्याची बायको द्वारका पहिल्या बाळंतपणाला माहेरी गेली होती. मुलगी झाली, आणि बारशाच्याच दिवशी सकाळी गेली. भार्गव तिकडे जाऊन आला. चारचौघांत पंतोजीने रडायचे कसे, म्हणून तो रडला नाही. घरी परतल्यावर त्याने हौसेने करवून घेतलेला सागवानी पाळणा माळ्यावर टाकला आणि त्यावर गोणपाट घातले. द्वारकेच्या दृष्टीला तो पडू नये, एवढाच त्याचा हेतू होता.

याला आठ महिने झाले. द्वारका आली नाही. दर पंधरवड्याला भार्गव पत्र धाडी आणि तिचा भाऊ ते तिला वाचून दाखवी. 'येथील सर्व क्षेम. घर स्वच्छ आहे. मागचे आठवावे असे येथे काहीही ठेविले नाही. तरी निःशंक यावे.' भावाचे उत्तर ठरलेले असे, की ताईची प्रकृती बरी आहे. रोज संध्याकाळी शाळेतून आल्यावर कुलूप काढताना भार्गवचा हात क्षणभर कडीवरच थांबे. आतून कुणीतरी उघडावे, असे त्याला फार वाटे.

भाद्रपदात त्याला शेवग्यावर एक कोश सापडला. परडीत ठेवलेल्या त्या कोशातून फिकट पोपटी रंगाचा, लांब शेपट्यांचा पतंग बाहेर पडला. ती मादी होती. अशा मादीकडे दूरदूरचे नर येतात, असे मंडळाने ऐकले होते. दोन दिवस ती भार्गवच्या बंद घरात परडीतच बसून होती. मग इतक्या देखण्या जिवाला धक्का लागू नये, म्हणून भार्गवने तिला काचेच्या मोठ्या बरणीत ठेवले, झाकण घट्ट लावले आणि बरणी वैद्यबुवांच्या ओसरीवर मांडली. मोकळी झालेली परडी तिथेच कोपऱ्यात टाकली. एक सकाळ गेली, दुसरी गेली. एकही नर फिरकला नाही.

"एवढी लख्ख दिसते आहे, तरी येत कसे नाहीत?" भार्गव त्राग्याने म्हणाला. तो त्रागा केवळ पतंगांवरचा नव्हता.

बुवांनी कोपऱ्यातली मोकळी परडी उचलली आणि ओसरीच्या दुसऱ्या टोकाला खुंटीवर अडकवली.

"बुवा, मादी इकडे आहे. त्या परडीत काहीच नाही."

"असू दे."

शिंप्याने भार्गवकडे पाहून, म्हातारपण आहे चालायचेच, अशी मान हलवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी सगळे जमले. बरणीपाशी चिलटसुद्धा नव्हते. मोकळ्या परडीवर मात्र पाच नर बसले होते. त्यांच्या पिसांसारख्या मिशा थरथरत होत्या. एकाची शेपटी वाटेत कुठेतरी तुटली होती, तरी तो मादी जिथे बसली होती त्याच काडीभोवती पुनःपुन्हा फिरत होता. भार्गवला कडीवर थांबणारा स्वतःचा हात आठवला.

"अरे, यांना रूप ओढीत नाही, गंध ओढतो," बुवा म्हणाले. "काचेतून ती सगळी दिसते, पण तिच्यातले कणभरही बाहेर येत नाही. परडीत ती नाही, पण तिथे बसून तिने दोन दिवस वाट पाहिली आहे. ती वाट पाहणे त्या काड्यांत मुरले आहे, आणि त्याच्या मागावर हे आले." मग ते म्हणाले, "द्वारकेला पत्रे लिहितोस ना? काय लिहितोस?"

भार्गवने पाठ असलेले पत्र म्हणून दाखवले.

"सुबक आहे," बुवा म्हणाले. "गाळले काय?"

आज त्याला 'काही नाही' म्हणवेना. "पाळणा," तो म्हणाला, आणि साऱ्या मंडळासमोर हमसून रडला. बुवांनी त्याला रडू दिले. तेवढ्यात त्यांनी बरणीचे झाकण काढून ठेवले.

त्याच दिवशी भार्गवने माळ्यावरून पाळणा उतरवला, पुसला आणि माजघरात टांगला. मग त्याने पत्र लिहिले. 'पाळणा तुझ्यापासून लपविला होता. आज खाली काढून टांगला आहे. मी त्याच्यापाशी बसून लिहीत आहे. आपली मुलगी डोळ्यांपुढून हलत नाही. मला एकट्याला हे सोसवत नाही.'

नवव्या दिवशी तो शाळेतून आला, तर कडीला कुलूप नव्हते. शेजाऱ्यांकडे ठेवलेली किल्ली कुणीतरी नेली होती. माजघरात द्वारका पाळण्याची दोरी धरून बसली होती. गाठोडे अजून सोडलेसुद्धा नव्हते.

"मला वाटलं, तुम्ही तिला विसरलात," ती म्हणाली.

भार्गव पागोटे न उतरवताच तिच्या शेजारी बसला आणि त्यानेही ती दोरी धरली.

त्या रविवारचे त्याचे टिपण जेमतेम दोन ओळींचे होते. ते वाचून झाल्यावर वैद्यबुवांनी, मंडळ स्थापन झाल्यापासून प्रथमच, काही विचारले नाही.