पांढऱ्या पायांची टेकडी

आधी त्या बाळाला खाली ठेवा, ताई. हो, तुम्हालाच म्हणतेय. अन् ते बूट-मोजेही काढा त्याचे. आज पंचमी. आजच्या दिवशी या टेकडीवर लेकरू कडेवर घेऊन चढत नाहीत. दोन पावलं चालेल, चार पावलं रांगेल, नाहीतर मधेच बसून माती खाईल. खाऊ दे. आमची सगळ्यांची खाऊन झालीय.

मला अनशाक्का म्हणतात. दरवर्षी पंचमीला इथं पायथ्याशी मी हरभऱ्याचे घाटे भाजते. शिवरात्रीला थंडी ‘शिव शिव’ करत निघून गेली की पाचव्या-सहाव्या दिवशी ही पंचमी येते. वर बघा, पळस कसा पेटलाय. अन् ती उतरण बघा. अख्ख्या टेकडीला काळा मुरूम, पण गावाकडची ही एक बाजू तेवढी पांढरीशुभ्र. माती सपिटासारखी मऊ. एक काटा सापडायचा नाही. का, ते सांगते. बसा. घाटे खात ऐका, फुकट आहेत.

फार जुनी गोष्ट. आमच्या पळसखोऱ्यात राही नावाची एक सून आली. वरात वेशीतून आत आली अन् त्याच दिवशी रखमाजी पाटलांच्या जोडीतला बैल बसला, तो उठलाच नाही. बैल म्हातारा होता, कधी ना कधी बसणारच होता. पण लोकांच्या तोंडाला हात कोण लावणार? पुढं वर्षाच्या आत राहीच्या नवऱ्याला पान लागलं, साप चावून तो गेला, तिच्या पोटात पोर असताना. अन् ज्या फाल्गुनात तिला मुलगी झाली, त्याच फाल्गुनात गावात गोवर आला. पाच लेकरं गेली, म्हणे. मग काय, गावाला कारण लागतंच. राही पांढऱ्या पायाची ठरली, अन् पाळण्यातली पवळासुद्धा. जिचा पाय अजून जमिनीला लागला नव्हता, तिचा पाय पांढरा!

तेव्हा रखमाजी पाटलांनी दोन हुकूम काढले, असं सांगतात. एक, पांढऱ्या पायाच्या कुणालाही वेशीच्या आत घ्यायचं नाही. अन् दुसरा, पाच वर्षांखालच्या पोराचा पाय बाहेरच्या मातीला लागू द्यायचा नाही, कारण गोवर येतो तो बाहेरून. पाटील वाईट नव्हते हो. गेलेल्या पाचांत त्यांची नात होती. घाबरलेल्या माणसाच्या हातात हुकूम दिला की असं होतं.

राही बाळाला घेऊन या टेकडीवर आली. वर पळसाच्या सावलीत तिनं खोप घातली. कुणाच्या बांधावरचं खुरपण करायची, शेळी राखायची, अन् उरलेल्या वेळात एकच काम. ही समोरची उतरण तेव्हा काट्यांनी भरलेली होती. पोर रांगायला लागलं तशी राही काटे वेचायला लागली. रोज पदर भरून. बाभळीचा काटा, सराटा, टोकदार खडा, जे हाताला लागेल ते. माझ्या पोरीला गावानं उंबरा दिला नाही, तर मी तिला अंगण करून देईन, असं म्हणायची म्हणे. तीन वर्षं वेचत होती. वरचा मुरूम निघाला अन् खालची ही पांढरी माती उघडी पडली.

पवळा त्या मातीत वाढली. दिवसभर उन्हात, वाऱ्यात. घसरून खाली यायची, धावत वर जायची. आवाज तर असा, की तिची हाक खाली गावात ऐकू यायची.

अन् खाली गावात? सतरा लेकरं होती पाचाच्या आतली. सगळी घरात. चुलीच्या धुरात, आज्यांच्या मांडीवर. पाटलांचा एकुलता नातू सुभान तीन वर्षांचा झाला तरी पाऊल टाकेना. पाय काडीसारखे. अंगारे झाले, धुपारे झाले, पोर काही उभं राहीना. एकाच्याही डोक्यात आलं नाही, की बाबांनो, त्याला कधी खाली ठेवलंयत का? या कडेवरून त्या कडेवर. काखेत कळसा अन् गावाला वळसा, दुसरं काय!

मग गावानं पुन्हा कारण शोधलं. टेकडी गावाच्या डोक्यावर. वर ती पांढऱ्या पायाची बसलीय, तिची सावली गावावर पडते, म्हणून सुभान चालत नाही. ठरलं. पंचमीच्या सकाळी पाटील माणसं घेऊन टेकडीवर आले अन् म्हणाले, “राही, दिवे लागायच्या आत गावाची शीव ओलांड अन् तोंड काळं कर.”

राहीला माहेर उरलं नव्हतं. चार वर्षांची पोर हाताशी. जायचं कुठं? पवळाच्या डोक्यावर हात ठेवून नुसती उभी राहिली.

बोलली ती दुसरीच. पाटलांची सून, सुभानची आई, बहिणा. तीही गावातल्या बायांबरोबर मागोमाग आली होती, पोराला कडेवर घेऊन. गेली दोन वर्षं ती माडीच्या खिडकीतून पवळाला धावताना बघत होती. आजवर सासऱ्यासमोर तिनं वर मान केली नव्हती. त्या दिवशी म्हणाली, “मामंजी, माझं लेकरू तीन वर्षं उंबऱ्याच्या आत आहे. चाललं का? आज एक दिवस बाहेर बसू द्या. मग तुम्ही म्हणाल ते.” अन् उत्तराची वाट न बघता तिनं सुभानला पांढऱ्या मातीत बसवलं. मागच्या बायांनी तेवढंच बघितलं. घरोघरी गेल्या अन् आपापलं लेकरू घेऊन वर आल्या. सतराच्या सतरा!

पाटलांचा संताप झाला. पण चारचौघांत सुनेच्या अंगावर धावणार कसे? त्यांनी अट घातली. “ठीक आहे. दिवस मावळेपर्यंत राहू देत. पण एक जरी पोर रडलं, तर त्याच पावली ही मायलेक शिवेबाहेर.”

राहीनं तेव्हा तोंड उघडलं. “अन् नाही रडलं तर?”

“तर बघू,” पाटील म्हणाले. मोठ्या माणसांचं हे ‘बघू’ तुम्हाला ठाऊकच आहे.

आता विचार करा, ताई. सतरा लेकरं, पाचाच्या आतली, अन् अख्खा दिवस एकानंही रडायचं नाही! तुमचं एक आहे, तरी सकाळपासून दोनदा झालंय. राहीचं सगळं आयुष्य त्या एका भोकाडावर टांगलेलं.

पहिल्यांदा तर लेकरं पुतळ्यासारखी उभी राहिली. पायाला माती लागतेय हेच त्यांना नवं. एकानं पाय उचलला, बघितला, पुन्हा ठेवला. तेवढ्यात पवळा वरून बसल्या बसल्या घसरत आली, सूंऽऽ करत, अन् त्यांच्यामधे येऊन थांबली. एक पोर हसलं. मग दुसरं. थोड्या वेळानं उतरणीवर नुसता कल्ला झाला. पळसाची फुलं वेचली, पोपटाची चोच म्हणून एकमेकांच्या नाकाला लावली. काटेसावरीच्या कळ्यांचे भोवरे फिरवले. राहीनं शेताच्या कडेचे घाटे आणून जाळावर भाजले. पोरांनी राखेतून वेचून खाल्ले अन् काळ्या तोंडानं पुन्हा मातीत लोळली. मऊ ऊन, मोहराचा वास, अंगावर वारा. खाली बसलेल्या आयासुद्धा पदर सैल सोडून हसायला लागल्या. अन् काटा? एकही नाही. तीन वर्षांची वेचणी होती ती.

उन्हं कलली. पाटील पळसाच्या बुंध्याला टेकून सगळं बघत होते. सुभान तेवढा बसवला तिथंच बसून होता. पवळा आली, भाजलेला एक घाटा त्याच्यासमोर धरला अन् चार पावलं मागं सरकली. दिला नाही हो त्याच्या हातात, बेरकी पोर! सुभान रांगला. मग हात टेकून उठला. आपल्या पायांकडं बघितलं. एक पाऊल टाकलं. दुसरं टाकलं. अन् तिसऱ्याला पडला की तोंडावर!

बहिणा धावलीच. तेव्हा राही मागून ओरडली, “उचलू नकोस! त्याच्याकडं बघ अन् हस!”

लेकरू पडलं की आधी रडत नाही, ताई. आधी आईचं तोंड बघतं. तिथं जे दिसेल ते करतं. सुभाननं मान वर केली. ओठ बाहेर आलेला, डोळे भरलेले. बहिणाच्या गालांवरून पाणी वाहत होतं, पण पोराकडं बघून ती बाई हसली. मोठ्यानं हसली! सुभान बघत राहिला. मग तोही हसला. हात टेकले, उठला अन् सात पावलं चालून त्यानं पवळाच्या हातातला घाटा हिसकून घेतला. सातच, मोजलेली आहेत. आमच्या गावात कुणालाही विचारा.

रडलं मात्र त्या दिवशी एक जण. रखमाजी पाटील. पण अट लेकरांची होती, म्हाताऱ्यांची नव्हती.

दिवस मावळायला सगळी वरात वाजतगाजत वेशीशी आली. पुढं सतरा लेकरं आपापल्या पायांनी, पडत-उठत, मधे पवळा. अन् वेशीवर येसनाक वेसकरानं काठी आडवी धरली.

“पाटील, यांना आत सोडता येत नाही.”

“का रे?”

“हुकूम तुमचाच आहे. पांढऱ्या पायाच्या कुणालाही आत घ्यायचं नाही. बघा की.”

पाटलांनी खाली बघितलं. चौतीस पाय, गुडघ्यापर्यंत पांढरेफेक. त्यांच्या सुभानचेसुद्धा. अन् वर सगळ्यांची तोंडं राखेनं काळी. सकाळी राहीला ‘तोंड काळं कर’ म्हणाले होते, ते देवानं ऐकलं, पण घरचंच तोंड काळं केलं! येसनाक भोळा होता की बेरकी, ते आजवर कुणाला कळलेलं नाही. माझं मत विचाराल तर पक्का बेरकी.

पाटलांनी पायातलं पायताण काढून वेशीशी ठेवलं, मागं फिरले अन् अनवाणी उतरणीवर गेले. साठीचा माणूस त्या मातीत पाय घोळवत उभा राहिला, अख्ख्या गावासमोर. परत आले ते पांढऱ्या पायांनी.

“येसनाका, आता मीही पांढऱ्या पायाचा. घेतोस का आत?”

“आधी कोण, पाटील?”

पाटील राहीकडं वळले. “पोरी, चुकलो मी. तू पुढं हो.”

अन् चार वर्षांनी राही वेशीतून आत आली, पवळाचा हात धरून. तिच्यामागं सतरा लेकरं, लेकरांमागं पाटील. बायांनी त्या पायांवर पाणी घातलं नाही म्हणे. घराघरांत शेणानं सारवलेल्या जमिनीवर ती पांढरी पावलं तशीच उमटू दिली. पुढं गोवर आला नाही का? आला असेल. पण त्याचा दोष पुन्हा कुणाच्या पायांवर कुणी टाकला नाही.

आजही पंचमीच्या आदल्या दिवशी आमच्या गावातली बापई माणसं या उतरणीवर काटे वेचतात. कितीही मोठा पुढारी असो, पदर नसला तरी उपरणं भरून काटे दाखवल्याशिवाय त्याला जेवायला वाढत नाहीत. आजही इथं लेकरू पडलं की धावत नाहीत, सगळे मिळून हसतात. अन् आमच्याकडं पोरगी बघायला आलेले अजूनही विचारतात, “पाय पांढरा आहे ना?” दुसऱ्या गावचं कुणी ऐकलं तर दचकतं.

अगं बाई! ते बघा, ताई, तुमचं बाळ पडलं. नका, नका धावू! हसा. हसा म्हणते ना! हां… बघा. उठलं की नाही?

आता असंच चालवत न्या त्याला वेशीपर्यंत. पाय धुऊ नका. आजही तिथं येसनाकाच्या घराण्यातला माणूस काठी घेऊन बसलेला असतो. आजच्या दिवशी तो चेहरा बघत नाही, जात विचारत नाही, फक्त पाय बघतो. ज्याचे पांढरे नसतील, त्याला परत टेकडीवर पाठवतो.