मधल्या पेठेतली कडू घागर

चांदवळ ही एके काळची राजधानी. तिच्या अगदी पोटात मधली पेठ, आणि मधल्या पेठेच्या पोटात राजचौक. पाहुणे येतात ते नगारखाना, सराफकट्टा आणि रामाचे देऊळ पाहायला. पण त्यांना सकाळी सातच्या आत उठवून आणतात ते चौकातल्या कडू बारवेसाठी. काळ्या दगडाची, पूर्वेकडून पायऱ्या उतरायची विहीर आहे. तिच्या सगळ्यात वरच्या पायरीत मनगट जाईल एवढे भोक आहे. रोज सकाळी बारवेतून पहिली घागर काढतात आणि ती कुणालाही न देता, देवालासुद्धा न दाखवता, त्या पायरीवर ओततात. दुसऱ्या घागरीपासूनचे पाणी मग देवळात जाते.

हे ओतण्याचे काम पाणके घराण्याकडे. सध्या ते नागोराव पाणके करतात. सत्तरी ओलांडली, गुडघे कुरकुरतात, जीभ मात्र शाबूत आहे. पाहुणे जमले की घागर काठावर टेकवून ते म्हणतात, "आधी बोट बुडवून चाखा, मग इतिहास विचारा." पाहुणे चाखतात आणि एरंडेल प्यायल्यासारखे तोंड करतात. कडुनिंबाचा पाला वाटून घातल्यासारखे ते पाणी असते. दुसरी घागर मात्र गोड. मग नागोराव पायरीवर बसून हकीकत सांगतात. ती अशी.

चांदवळला तेव्हा हैबतराजे गादीवर होते. राजा वाईट नव्हता म्हणे. नुसता भिडस्त होता. सामान्य माणसाची भीड त्याला एकट्याला नडते, राजाची भीड सगळ्या रयतेला नडते, हे नागोराव इथे न चुकता सांगतात. लागोपाठ तिसरे वर्ष कोरडे गेले होते. पेठेतले आड आटले. नदी दोन कोसांवर, आणि तिच्यातही डबकी उरलेली. राजवाड्यातल्या हत्तीलासुद्धा दिवसाआड पाणी मिळत होते.

तेव्हा राजाने वडारांचा तांडा बोलावला. तांड्याचा नाईक तिमाप्पा आणि त्याची बायको नरसव्वा. जमिनीखालचे पाणी शोधण्यात तिमाप्पाचा हात धरणारा दुसरा नव्हता. तीन दिवस तो पेठेतून अनवाणी फिरला. वारुळे पाहिली, उंबराची मुळे कुठे वळतात ते पाहिले, जमिनीला कान लावून पडून राहिला. चौथ्या दिवशी तो राजचौकाच्या मधोमध उभा राहिला आणि त्याने पहारेने रेघ ओढली. तिथे राजाची अंबारी सजत असे. कारभाऱ्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या, पण घसा कोरडा असला की मानपान जरा मवाळ होतो. राजाने होकार दिला.

पहार टेकवण्याआधी तिमाप्पाने आपल्या जातीची रीत सांगितली. भुईच्या पोटात लोखंड घालणे हा दोष, आणि तो दोष खणणाऱ्याच्या माथी बसतो. विहिरीला पाणी लागले की धन्याने स्वतः खाली उतरून पहिले पाणी काढायचे आणि खणणाऱ्याच्या ओंजळीत घालायचे. ते प्यायले की दोष फिटतो. तोवर खणणाऱ्याने त्या पाण्याला हात लावायचा नाही, धन्यानेही दुसऱ्या कुणाला द्यायचे नाही. ते न पिता खणणारा मेला, तर त्याचा जीव त्या विहिरीतच घुटमळत राहतो.

"राजं, एवढंच मागनं हाय," तिमाप्पा म्हणाला. "पयलं पानी तुमच्या हातचं."

हैबतराजांनी देवळातून बेलभंडारा आणवला. भर चौकात, सगळ्या पेठेसमोर तो उचलला आणि शब्द दिला. नरसव्वा तिथे डोक्यावर पाटी घेऊन उभी होती. बेलभंडाऱ्याची शपथ मोडणारा माणूस तिने तोवर पाहिला नव्हता.

आठ महिने काम चालले. माती संपली, मुरूम संपला, काळा पाषाण लागला. वडारांनी त्याला भोके पाडून लाकडी पाचरी ठोकल्या, त्या भिजवून फुगवल्या आणि दगड फोडला. पाचरी भिजवायचे पाणीही बाया दोन कोसांवरून आणत. नरसव्वाच्या डोक्यावर तेव्हा एका खेपेला पाणी असे आणि दुसऱ्या खेपेला दगड. फोडलेल्या दगडांच्याच पायऱ्या बसवत गेले, म्हणून ही विहीर आणि तिचा जिना एकाच वेळी तयार झाले असे सांगतात.

चैत्र सरता सरता तिमाप्पाच्या पहारेखाली दगड पोकळ वाजला. त्याने बाकीच्यांना वर पाठवले आणि शेवटचा घाव एकट्याने घातला. झरा फुटला. पण त्या झऱ्याने सुटलेली शिळा त्याच्या मांडीवर आली. त्याला वर काढला तेव्हा तो हसत होता म्हणे. कमरेखाली रक्त, कमरेवर पाणी, आणि ओठ मात्र त्याने घट्ट मिटलेले. तोंडात एक थेंब जाऊ दिला नव्हता.

चौकात नगारे वाजले. राजा सज्ज्यातून खाली यायला निघाला होता, असेही सांगतात. वाटेत कारभाऱ्यांनी त्याला गाठले. एवढ्या मोठ्या कामाला मुहूर्त नको का? नऊ दिवसांवर अक्षय्य तृतीया आहे, त्या दिवशी भरल्या घागरीचे दान करतात, याहून चांगला दिवस कोणता? राजाला ते पटले. पटले नसते तरी तो नाही म्हणाला नसता.

तिमाप्पाचे पाल बारवेपासून वीस पावलांवर होते. दुसऱ्या दिवशी त्याला ताप चढला, चौथ्या दिवशी जखम काळी पडली. नरसव्वा नदीवरून पाणी आणून त्याच्या तोंडात घालू लागे, तो मान फिरवी. "ह्ये नदीचं. माजं पानी दे."

तिला कळत होते, तो तहानेपोटी मागत नाही. त्याला मरण दिसले होते आणि दोष घेऊन मरायचे नव्हते.

ती वाड्याच्या देवडीवर गेली. राजे एक डाव येऊन ओंजळभर पाणी घालतील का, म्हणून तिने विचारले. देवडीवरच्या माणसाने निरोप आत नेला आणि बाहेर आणला. मुहूर्ताला या. ती दुसऱ्या दिवशी गेली, तिसऱ्या दिवशी गेली. निरोप तोच.

सातव्या दिवशी, भर उन्हाच्या वेळी, ती बारव उतरली. कुणी अडवले नाही, अडवायला कुणी नव्हतेच. पाणी आता आठव्या पायरीपर्यंत चढले होते, निवळ, आभाळ दाखवणारे. तिने वाकून ओंजळ केली. एवढे पाणी नेले असते तर कुणाला कळले असते? वीस पावले तर जायचे होते. पण ज्याच्यासाठी न्यायचे त्यानेच विचारले असते, कुणाच्या हातचे आहे, आणि नवऱ्याशी खोटे बोलायचे तिला जमले नसते. ती कोरड्या हातांनी वर आली. पालात तिमाप्पाने तिच्या हातांकडे पाहिले.

आठव्या दिवशी तिसऱ्या प्रहरी तो गेला. तांड्याने त्याला पूर्व वेशीबाहेर मातीआड केले.

अक्षय्य तृतीयेला चौक सारवला, तोरणे लागली. बारव पंचगव्याने शुद्ध केली, आणि एकदा ती शुद्ध झाल्यावर ज्यांनी ती खणली त्यांना तिच्यात उतरायची मनाई झाली. सगळा तांडा पूर्वेच्या वरच्या पायरीपाशी थोपवून धरला. नरसव्वा पुढे होती. तिच्या काखेत नवऱ्याची पहार होती. नवऱ्याच्या वाटचे पाणी आपल्या ओंजळीत घ्यायचे आणि त्याच्या मातीवर नेऊन सोडायचे, एवढ्यासाठी ती आली होती. उशीर झाला तरी शब्द खोटा होत नाही, असे ती मनाशी म्हणत होती.

राजा उतरला. त्याने स्वतःच्या हाताने घागर बुडवली आणि वर पाहिले. त्याला शपथ आठवत होती, असे नागोराव ठासून सांगतात. पण शेजारी शास्त्री होते, मागे कारभारी होते. कुणीतरी हलकेच म्हणाले, "आधी वडाराला आणि मग देवाला? लोक काय म्हणतील, महाराज?" पहिली घागर देवळात गेली. दुसरी राणीसाहेबांकडे, तिसरी शास्त्रीबुवांना, मग मानकऱ्यांना त्यांच्या मानाप्रमाणे. सगळे पाजून झाल्यावर राजाची नजर पूर्वेच्या पायरीवर गेली आणि तिथेच अडकली. त्याने आपल्या पाणक्याला खूण केली.

तो पाणक्या म्हणजे नागोरावांचा पूर्वज. हे सांगताना ते घागरीवरचा हात काढून घेतात.

पाणक्या घागर घेऊन वर आला. शिवाशिव नको म्हणून काठाच्या दगडावर चढला आणि उंचावरून धार धरली. नरसव्वाने पायरीवर गुडघे टेकून ओंजळ केली. ओंजळ भरली. मग तिने मान वर केली.

"दादा, कितवी घागर ही?"

पाणक्याने धार थांबवली.

"कितवी, दादा?"

"अकरावी."

"आन् हात कुनाचा?"

ते दिसतच होते.

नरसव्वाने बोटे उघडली. सगळे पाणी पायरीवर सांडले. ती उठली, आणि मूठभर माणसांना ऐकू जाईल एवढ्याच आवाजात बोलली, पण त्या दिवशी सगळ्या चौकाने ते ऐकले. "माजा मानूस सात दिस ह्या पान्यासाठी तळमळला. हात लांब केला असता तर मिळालं असतं, पर आमी तुमचा सबूद सांबाळला. तुमाला तुमचाच सबूद सांबाळता आला न्हाई. पयलं पानी आमचं हाय. आमच्या वंजळीत धन्याच्या हातनं पडंस्तवर त्ये कुनाच्याच घशाखाली उतरायचं न्हाई."

तिने पहार उचलली आणि पायरीत मारली. लोखंड दगडात हातभर गेले. ती तिथेच सोडून ती वळली. तांडा तिच्यामागून पूर्व वेशीतून बाहेर पडला आणि पुन्हा राजधानीत आला नाही.

दुसऱ्या दिवशी पहाटे देवळाची पहिली घागर निघाली ती कडू. पुजाऱ्याने तीर्थ थुंकले. दुसरी काढली तर गोड. तिसऱ्या दिवशीही तेच, चौथ्या दिवशीही तेच. चांदवळला घाम फुटला. राजाने घोडेस्वार तयार करवले. तांडा फार लांब गेला नसेल, बाईला शोधा, मी येतो आणि तिच्या ओंजळीत पाणी घालतो, असे तो म्हणाला. आयुष्यात एकदा त्याला भीड सोडावीशी वाटली.

पण शास्त्री आणि कारभारी हुशार माणसे होती. त्यांनी विचार केला. बाईने पाणी कुठे टाकले? पायरीवर. म्हणजे तिने ते पायरीला दिले. तिची पहारही पायरीतच आहे. तेव्हा पायरी हीच ती बाई असे मानावे आणि पहिली घागर पायरीवर ओतावी. घोडी उन्हात दमवायची कशाला? आणि राजाने वडारणीसमोर वाकायचे तरी कशाला?

राजाला तेही पटले. घोड्यांचे खोगीर उतरले. पहिल्या दिवशी त्याने स्वतः घागर ओतली, दुसऱ्या दिवसापासून ते काम पाणक्याकडे आले, आणि त्यासाठी घराण्याला सनद मिळाली. पाणी मात्र कडूच राहिले. हैबतराजे मरेपर्यंत रोज सकाळी पहिल्या घागरीत बोट बुडवून चाखत, थुंकत आणि परत जात. काय केले की ते गोड होईल, हे त्यांना ठाऊक होते, कारभाऱ्यांना ठाऊक होते, सगळ्या पेठेला ठाऊक होते. पुढे पहार गंजून गेली, राज्य गेले, भोक राहिले.

हकीकत इथे संपते. नागोराव गुडघ्यावर हात देऊन उठतात. परवा पुण्याकडची एक मुलगी मागे रेंगाळली आणि तिने विचारले, "आजोबा, मग आता तरी कुणी देत का नाही? पायरीऐवजी ओंजळीत?"

"धनी आता आहे कोण?" नागोराव म्हणाले. "आणि माझ्या सनदेत पायरी लिहिली आहे, बाई. माणूस लिहिलेला नाही." ते हसले, पण ते हसू त्यांनाच आवडले नसावे. त्यांनी घागर उचलली.

आजही पूर्वेच्या त्या पायरीलगत, भिंतीच्या सावलीत, सायव्वा नावाची वडारीण पाटे-वरवंटे मांडून बसते. वस्ती तिची खाणीपलीकडे, जिथे चार दिवसांनी टँकर येतो. तिथून ती आपली पाण्याची बाटली भरून आणते. पाहुणे फोन वर धरतात, नागोराव घागर कलती करतात, पाणी पायरीवर पडते, भोक भरते आणि उरलेले ओघळत तिच्या गोणपाटाकडे येते. सायव्वा रोजच्याप्रमाणे पाटे उचलते आणि थोडी बाजूला सरकून बसते.