कमानीतली दरीची घंटा

मेघगडावर गरुडस्वारांची शाळा होती. शिकताना जो गरुडावरून पडे, त्याने आपल्या नावाची घंटा दरबाराच्या कमानीला बांधायची, अशी तिथली रीत. वारा सुटला की सगळी कमान वाजे.

गडाखालच्या दरीतल्या मुलांना मात्र या शाळेचं दार बंद होतं. दरीतली तेजाळी दूरदेशी शिकून परतली, ती थेट दरबारात गेली.

“महाराज, आमच्या मुलांना शाळेत घ्या.”

राजगुरू भानुकेतू हसले. “पोरी, दरीतलं एकही मूल आजवर गरुडावर बसलेलं नाही. तुम्हाला ते जमत नाही, याला आणखी पुरावा कशाला?”

दरबार खदखदून हसला. तेवढ्यात वारा सुटला आणि कमान वाजू लागली. तेजाळीने वर पाहिलं.

“गुरुजी, यात दरीची घंटा कोणती?”

“एकही नाही!”

“आणि ती सगळ्यात मोठी?”

राजगुरूंनी मिशीवरचा हात काढला. “ती... माझी.”

“मग तुमच्याच न्यायाने बघा. आम्ही कधी बसलो नाही म्हणून आम्हाला बसता येत नाही. तसंच आम्ही कधी पडलो नाही, म्हणजे आम्हाला पडताही येत नाही! असे स्वार तुम्हाला दुसरीकडे कुठे मिळणार?”

महाराज पोट धरून हसले आणि त्यांनी शाळेचं दार उघडायला लावलं.

दुसऱ्याच दिवशी दरीतल्या मुलांसोबत शाळेत आलेली तेजाळी सर्वांदेखत गरुडावरून पडली. खरचटलेल्या गुडघ्याने लंगडत तिने दरीची पहिली घंटा कमानीला बांधली.

“पडलीस ना शेवटी?” राजगुरू म्हणाले.

“हो, गुरुजी,” तेजाळी ताठ मानेने म्हणाली. “पडायला आधी बसावं लागतं.”